हॅल्डिंगांची मावशी

द्वारकामावशी,

तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अजून तुझ्याच ताब्यात आहे. एकमेकांना चिकटवलेले कागद, चष्म्याची रिकामी डबी, आयर्लंडचा नकाशा आणि तो पंख्याने उडू नये म्हणून त्यावर ठेवलेला आमच्या खलबत्त्यातला बत्ता. तुझ्या जावयाने, टॉमने, परवा हळूच विचारलं, हे आवरू का. मी नको म्हटलं. तेव्हापासून आम्ही तिघं उरलेल्या अर्ध्या भागात दाटीवाटीने जेवतो आणि कुणी तक्रार करत नाही. तुझ्या नातीने, नोराने, तर घरी आलेल्या मैत्रिणीला सांगून टाकलं की त्या बाजूला आर्चडीकन बसतो.

नागपूरहून तुझ्या शाळेतल्या माजी विद्यार्थिनींनी ग्रुपवर लिहिलंय, आदर्श शिक्षिका हरपल्या, मायेची सावली गेली. वाचून मला बरं वाटायला हवं होतं, पण मी चिडले. आदर्श कसली? तू कमालीची हट्टी होतीस. भाजीत कुणी साखर घातली तर ताट बाजूला सारायचीस. रात्री हरलेला वाद सकाळी चहाबरोबर पुन्हा काढायचीस. आणि लोकांच्या घरातल्या भानगडींत तुला जो रस होता, त्याला तू अभ्यास म्हणायचीस. मला ती हवी आहे, माझी भांडखोर मावशी. सावलीबिवली नको.

तर तुझा अभ्यास. तुमच्या कुळाचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं, तेव्हा त्या मंडळात तू एकटी बाई होतीस. बाकीचे सगळे मूळ पुरुष कुठून आला आणि कुठल्या लढाईत होता यावर हमरीतुमरीवर यायचे. तू खांद्याला पिशवी अडकवून घरोघर जायचीस आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन बसायचीस. तुझी पद्धत ठरलेली होती. पुरुषांना नावं विचारायची आणि बायकांना माणसं. मुलगी कुठे दिली, नांदली का, परत आली का. आणि घरातली बाई लवकर गेलेली असेल तर पहिला प्रश्न हा, की पोरं कुणाच्या पदरात पडली. भूगोल शिकवणाऱ्या बाईला इतकं कोण सांगणार, असं मला वाटायचं, पण सांगायचे सगळे.

तो शेवटचा प्रश्न तुझ्या तोंडी का असायचा, हे मला विचारावं लागलं नाही. माझी आई, तुझी थोरली बहीण, गेली तेव्हा मी पहिलीत होते. तू वर्ध्याची नोकरी सोडून नागपूरच्या शाळेत लागलीस आणि आमच्या शेजारच्या गल्लीत एक खोली घेतलीस. माझी वेणी, माझा डबा, माझे पाढे, माझी पहिली पाळी, माझ्या इंजिनीअरिंगचा अर्ज, सगळं तुझ्या हातून झालं. बाबा चांगले होते, पण त्यांना माझ्या शाळेत मी कुठल्या तुकडीत आहे हेही दरवर्षी सांगावं लागे. इतकं करून तो कुलवृत्तांत छापून आला तेव्हा तुझ्या नावापुढे एकच शब्द होता, अविवाहित. मी तेव्हा कॉलेजात होते आणि तुझ्या वतीने थयथयाट केला होता. तू पान उलटून म्हणालीस, खरं आहे तेच छापलंय, त्यात रडायचं काय.

जोन आणि तू एकत्र याल असं मला कधी वाटलं नव्हतं. जोन ही माझी सासू, विल्मिंग्टनला एकटी राहणारी, मोजकं बोलणारी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. टॉमचे वडील गेल्यापासून तिने त्यांच्या हॅल्डिंग घराण्याची वंशावळ जमवायला घेतली होती, येत्या उन्हाळ्यातल्या कौटुंबिक रीयुनियनला पुस्तक छापून सगळ्यांना द्यायचं म्हणून. हॅल्डिंग हे अँग्लो-आयरिश. म्हणजे मूळचे इंग्रज, पिढ्यान्‌पिढ्या आयर्लंडमध्ये राहिलेले आणि भोवतालच्या कॅथलिक लोकांपेक्षा वेगळ्या चर्चमध्ये जाणारे. घरातला एक मुलगा पाद्री, एक डॉक्टर, एक वकील, असं सबंध एकोणिसावं शतक. जोन तुला हे सगळं समजावत होती आणि तू मध्येच म्हणालीस, "म्हणजे तंजावरचे मराठे." जोनला तंजावर कळेना आणि मला हसू आवरेना. पिढ्यान्‌पिढ्या राहायचं तमिळ मुलखात आणि स्वतःला म्हणवायचं सातारचे, असं तू तिला तुझ्या शाळेतल्या इंग्रजीत नकाशा काढून सांगितलंस. मग माझ्याकडे वळून, तुम्ही इथले, मॉरिसव्हिलचे मराठी लोकही त्यातलेच, अशी पुस्तीही जोडलीस.

जोनच्या फायलीत नावं होती, तारखा होत्या, पण माणसं नव्हती. ती फाईल तू मागून घेतलीस आणि आमचं टेबल गेलं.

तू दरवेळी पाहुणीच्या व्हिसावर यायचीस. आईवडिलांना इथे अमेरिकेत कायमचं आणता येतं, मावशीला आणता येत नाही, सरकारच्या लेखी ती नातेवाईकच नव्हे. या खेपेला विमानतळावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, भाचीकडे इतके महिने काय करणार? तू म्हणालीस, तिला पुरणपोळी शिकवायची आहे आणि ती हळू शिकते. त्याने हसून शिक्का मारला. घरी येईपर्यंत तू तीन वेळा मला हे ऐकवलंस, आणि पुरणपोळी मला अजूनही येत नाही.

तुझ्या चुका मी नोराबरोबर मोजत बसायचे. मधलं नाव म्हणजे वडिलांचं नाव असं धरून तू पहिल्याच आठवड्यात एका वकिलाला भलत्याच घरात जन्माला घातलंस. त्यांच्यात मधलं नाव बऱ्याचदा आईच्या माहेरचं आडनाव असतं, हे जोनने फोनवर सांगितल्यावर तू त्याला निमूटपणे परत नेऊन ठेवलंस. आयर्लंडचे जनगणनेचे जुने कागद बहुतेक सगळे गेलेले आहेत, हे कळल्यावर तुला इतकं वाईट वाटलं की त्या संध्याकाळी तू जेवली नाहीस. आपल्याकडे वाळवी लागते, त्यांच्याकडे आग लागली, म्हणालीस. पण पाद्र्यांच्या नेमणुकांच्या याद्या उरल्या होत्या, आणि तिथे तुझी पद्धत कामी आली. अमक्या तरुण पाद्र्याला इतकं चांगलं गाव कसं मिळालं, हे विचारायचं जोनला कधी सुचलं नव्हतं. तू त्याच्या बायकोचं माहेर शोधलंस, तर तिचा मामा बिशपच्या कचेरीत. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. सासुरवाडीच्या ओळखीने जावयाची सोय. तू टेबलावर हात आपटलास आणि म्हणालीस, "अगं, हे तर आपलेच लोक आहेत."

त्या दिवसापासून तू त्यांच्याबद्दल असं बोलायला लागलीस की बाहेरच्याला वाटावं, मंडळी नागपूरला धरमपेठेत राहतात. नोरा लॅपटॉपवर तक्ता करायची आणि तू तिच्या पाठीमागे उभी राहून नावं सांगायचीस. तू मराठीत बोलायचीस, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं कधी अडलं नाही. माझ्याशी मात्र ती पोरगी दोन वाक्यांवर बोलत नाही.

मग आले आर्चडीकन सॅम्युएल हॅल्डिंग. टॉमच्या पणजोबांचे आजोबा. आर्चडीकन म्हणजे बिशपच्या खालोखालचा मोठा पाद्री, आणि जोनच्या दिवाणखान्यात त्यांचं एक छोटं चित्र आहे, पातळ ओठांचं, पोटदुखी असल्यासारखं. त्यांची बायको हॅरिएट ही टिपररी परगण्यातल्या एका डॉक्टरची मुलगी. ती पोरं लहान असताना वारली. जोनच्या फायलीत तिथून पुढे थेट मुलांच्या नोकऱ्याच होत्या. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि म्हणालीस, बाई गेली, घरात चार लहान लेकरं, नवरा दिवसभर चर्चमध्ये, मग पोरं कुणाच्या पदरात पडली?

तू शोधत राहिलीस. कुणीतरी हौसेने काढून इंटरनेटवर टाकलेला थडग्याचा फोटो तुला सापडला. दगडावर आर्चडीकन, खाली हॅरिएट, आणि त्याच्याही खाली लेटिशिया. नुसतं नाव आणि तिच्या मृत्यूची तारीख, दोघांच्या खूप नंतरची. डॉक्टरांच्या घराण्याच्या वंशावळीत हॅरिएटची धाकटी बहीण लेटिशिया होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, अविवाहित. माझी खात्री होती की आता तू गोंधळात पडशील. तू तर खूश झालीस. कुलवृत्तांताच्या वेळी असली किती घरं तू पाहिली होतीस. दुसरं लग्न लोक सांगत नाहीत, माहेरची माणसं तर मुळीच नाही. बायको गेल्यावर मेहुणीशी लग्न केलं, पोरांना परकी बाई नको म्हणून, इतकी सरळ गोष्ट. दोघं एका थडग्यात आहेत, याहून मोठा पुरावा कुठला? तू नोराला सांगून सॅम्युएल आणि लेटिशिया यांच्यामध्ये लग्नाची दुहेरी रेघ काढून घेतलीस आणि खाली लिहायला लावलंस, द्वितीय पत्नी.

फेब्रुवारीत जोनच्या वाढदिवसाला आपण सगळे विल्मिंग्टनला गेलो. केक कापून झाल्यावर तू तिच्यासमोर तो भलामोठा तक्ता उलगडलास. तुझा चेहरा मला आठवतो, पाहुण्यांना पहिली जिलबी वाढताना असतो तसा. जोन बोट फिरवत फिरवत खाली आली आणि त्या दुहेरी रेघेवर थांबली. मग शांतपणे म्हणाली, हे होऊच शकत नाही.

तिने सांगितलं ते असं. त्या काळी त्यांच्या कायद्यात आणि चर्चमध्ये बायकोची बहीण ही सख्ख्या बहिणीसारखी. बायको वारली तरी तिच्याशी लग्न करायला बंदी, केलं तरी ते लग्नच नव्हे. कुणाकुणाशी लग्न करायचं नाही याचा तक्ता त्यांच्या प्रार्थनापुस्तकात मागे छापलेला असे. साध्या माणसाने चोरून केलं असेल एखादवेळी, पण आर्चडीकन? ज्याने दुसऱ्यांना तो तक्ता वाचून दाखवायचा तो? तुला पटेना. जगात सगळीकडे मेहुणी करतात म्हणालीस, मी भाषांतर करून करून थकले. टॉम केकचा दुसरा तुकडा घेऊन खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग नोराने विचारलं, "सो शी वॉज जस्ट देअर? लाइक, ऑल हर लाइफ?"

जोनने तिचा नियम सांगितला, तोही अगदी सौम्यपणे. पुस्तकात जन्माने हॅल्डिंग किंवा लग्नाने हॅल्डिंग. लेटिशिया दोन्ही नाही, तेव्हा तिचं नाव काढावं लागेल. मला वाटलं आता तू पदर खोचशील. तू नोराला म्हणालीस, बरोबर आहे, काढून टाक.

टॉम आणि नोरा तिथेच राहिले, मला दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं म्हणून आपण दोघी दुपारी निघालो. आय-फॉर्टी हायवेवर गाडी लागल्यावर मी तुझ्याशी भांडायला सुरुवात केली. इतर वेळी मेलेला वाद उकरून काढतेस, आणि आज जोनच्या एका वाक्यासरशी गप्प? तू म्हणालीस, तिचं बरोबर आहे, जन्माने नाही, लग्नाने नाही, वंशावळीत येणार कुठून ती?

"तिने पोरं वाढवली, मावशी."

"वाढवणं हे नातं नाही ना, मुक्ते. ते काम आहे."

हे तू इतकं सहज म्हणालीस, भाजीचा भाव सांगावा तसं. मला इतका राग आला की मी पुढचा ट्रक उगाचच ओव्हरटेक केला. मग तूही कामच केलंस का, असं मी विचारलं. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. दोन्ही बाजूंना ते पाइनचे एकसारखे सरळसोट वृक्ष, त्यांच्यात बघण्यासारखं काही नसतं.

मग तू आपणहून बोललीस. "एक गोष्ट मला समजून राहिली आता. त्या लेटिशियाला कायद्याने लग्न करताच येत नव्हतं, म्हणून तिला त्या घरात राहता आलं. कुणी काही बोलणार नाही. मला करता येत होतं. म्हणून मला शेजारच्या गल्लीत खोली घ्यावी लागली."

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की तुला स्वतःची जागा हवी होती म्हणून तू वेगळी राहायचीस. तू तसंच सांगायचीस. मी विचारलं, म्हणजे तेव्हा लोक म्हणाले असतील ना, की तू आणि बाबांनी...

"म्हणाले की. सगळे म्हणाले, माझी आईसुद्धा. सगळ्यांनी तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, माझ्या पोरीला सावत्र आई नको. मोठेपणाच होता त्यांचा. विषय संपला."

"आणि तुला?"

"मला कुणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं तर?"

"तर मी उत्तर दिलं असतं. पुढच्या एक्झिटला थांब, मला चहा पाहिजे."

गॅस स्टेशनवरचा तो चहा तू अर्धा प्यायलीस, यात पानं टाकली होती की नुसती दाखवली होती असं विचारलंस, आणि घरापर्यंत शाळेतल्या एका मुख्याध्यापिकेची नक्कल करून मला हसवत राहिलीस. मी पुन्हा विचारलं नाही. घाई कशाला, असं वाटलं. तुझा परतीचा दिवस मे महिन्यातला होता, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तू परत येणारच होतीस.

तुला होय म्हणायचं होतं का, मावशी? की बाबांसारख्या, डाळीत मीठ नसलं तरी न कळणाऱ्या माणसापासून आपण थोडक्यात सुटलो, असं तुला वाटायचं? दोन्ही मला तुझ्या आवाजात ऐकू येतं. एकदा वाटतं, तू दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला खोबऱ्याच्या वड्या करायचीस त्या उगाच नव्हत्या. लगेच वाटतं, त्या वड्या तू गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटायचीस. बाबांविषयी तू कधी वाईट बोलली नाहीस, पण फार चांगलंही बोलली नाहीस. मला काही पत्ता लागत नाही.

त्यानंतर आठवड्याभरात जोनचा फोन आला, माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी. तिला झोप लागत नव्हती म्हणे. आर्चडीकनचा धाकटा मुलगा, जो डॉक्टर होऊन अमेरिकेत आला, तो टॉमच्या पणजोबांचा बाप. त्याच्या थोरल्या मुलीला घरात सगळे आँट लेटी म्हणत, लेटी म्हणजे लेटिशिया. टॉमच्या वडिलांनी लहानपणी तिला पाहिलं होतं, फार कडक होती म्हणे. जोनने इतकी वर्षं ते नाव ऐकलं होतं, पण ते आलं कुठून हा विचार तिने कधी केला नव्हता. त्या मुलाने आपल्या पहिल्या मुलीचं नाव आईचं ठेवलं नव्हतं. मावशीचं ठेवलं होतं.

तू फोन ठेवलास, मला सगळं सांगितलंस, आणि एवढंच म्हणालीस की पोराला कळत होतं. मग चहा टाकायला गेलीस, पाच मिनिटांपूर्वीच एक कप पिऊन झाला होता तरी. मला तेव्हा नोराच्या बारशाची आठवण झाली. मी तुला फोन करून विचारलं होतं, तुझं नाव ठेवू का. तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. अमेरिकेत पोरीचं नाव द्वारका ठेवून तिचा जन्म वाया घालवू नकोस, बाप्पा, म्हणालीस. मी तुझं ऐकलं. आता वाटतं, कशाला ऐकलं.

तेव्हापासून जोन आणि तू रोज फोनवर. आमच्याकडे विषय एकच, लेटिशियाला ठेवायचं कुठे. जोन आता तिला घ्यायला तयार होती आणि तू अडून बसलीस. तुझं म्हणणं, फार तर तळटीप द्या. नियम एकदा वाकवला की लोक शेजाऱ्यांची नावं घालतील, कुलवृत्तांताच्या वेळी हे सगळं पाहिलंय मी. जोन म्हणायची, पण त्या थडग्यात तिला जागा आहे. तू म्हणायचीस, दगडाला नियम नसतात, पुस्तकाला असतात. मी स्वयंपाक करता करता तुमचं ऐकायचे आणि मला दोघींचा राग यायचा, आणि फार बरंही वाटायचं.

त्या रविवारी तू वरणभात जेवलीस, वांग्याच्या भाजीत तेल जास्त झालंय म्हणालीस, आणि जराशी आडवी होते म्हणून खोलीत गेलीस. चार वाजता नोरा तुला उठवायला गेली. पुढचं तुला सांगत नाही. नोराने तुझा हात सोडला नाही इतकं फक्त सांगते. तुझ्या हातातल्या बांगड्या आता तिच्याकडे आहेत, तिने मागून घेतल्या.

ऑफिसात कळवलं तेव्हा मॅनेजरने विचारलं, कोण होत्या? आई किंवा वडील गेले तर आमच्याकडे आठवड्याची रजा आहे, मावशीसाठी एक दिवस. तो भला माणूस आहे, नियम सांगताना त्यालाच कसंतरी होत होतं. मी म्हटलं, तिने मला वाढवलं. तो म्हणाला, मग तुला हवी तितकी घे, मी बघतो. मी फोन ठेवला आणि खूप रडले. तेव्हापर्यंत मला रडू आलं नव्हतं.

जोन एकटी गाडी चालवत आली. तुझ्या टेबलापाशी बसली, तुझे कागद न हलवता एकेक वाचत राहिली. तिला मराठी येत नाही, पण तू समासात काढलेले बाण आणि प्रश्नचिन्हं तिला कळत होती. मी तिच्यासाठी कॉफी केली. ती म्हणाली, माझ्याशी या घराण्याबद्दल भांडणारं आता कुणी उरलं नाही. मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला नव्हता.

काल तिचा पुन्हा फोन आला. पुस्तक छापायला जायचंय. तिने ठरवलंय ते तुला आवडणार नाही, तरी ऐक. आर्चडीकनच्या चारही मुलांच्या नावांपुढे ती लिहिणार आहे, आईमागे यांना मावशी लेटिशिया हिने वाढवलं. तळटीप नाही, ओळीतच, जन्म आणि लग्न जिथे लिहितात तिथेच. आणि मग तिने मला विचारलं, तुझ्या पानावर काय लिहू? आतापर्यंत तिथे मी टॉमची बायको आणि नागपूरच्या अमक्यांची मुलगी एवढीच होते. मी सांगितलं. तिने अक्षर अक्षर विचारून तुझं पूर्ण नाव लिहून घेतलं आणि मला परत वाचून दाखवलं. तिचा उच्चार भयंकर आहे, पण नाव आलंय.

म्हणजे नियम मोडला. वाढवणं हे काम आहे, नातं नाही, हे तुझं वाक्य या पुस्तकात चालणार नाही. हा वाद मी जिंकले, कारण सकाळी चहाबरोबर तो पुन्हा काढायला तू नाहीस. असलं जिंकणं मला मुळीच नको होतं.

गाडीत मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मिळणार नाही. ते मी अंदाजाने भरणार नाही, तू ते स्वतःजवळ ठेवलंस, तुझंच राहू दे. पण बाबांनी त्या दिवशी माझ्या नावाने नाही म्हटलं, आणि तेव्हा मलाही कुणी विचारलं नव्हतं, मावशी. पहिलीतल्या पोरीला कोण विचारतं? विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. सावत्र म्हणजे काय ते मला ठाऊकच नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की जेवणं झाली, भांडी घासून झाली, मला पांघरूण घालून झालं, की तू दाराशी जाऊन चपला घालायचीस, आणि मी झोपल्याचं सोंग करून त्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकत राहायचे.